फुली नसलेला कोट

...आणि खिसा म्हणाल तर नाहीच! अहो, खरंच नाही! वर झाकण आहे, झाकणाला बटण आहे, बटणाला काज आहे, सगळा थाट आहे, आणि मी आपली मोठ्या विश्वासाने हात घालायला जाते तर हात जातोय कुठे? कुठेच नाही! शिवून टाकलंय! मी दुकानातल्या त्या पोरीला विचारलं, "अगं बाळ, या कोटाचा खिसा कुठाय?" तर म्हणते कशी, "आजी, तो फॅशनसाठी आहे." फॅशनसाठी! मग मी रुमाल कुठे ठेवू? चष्मा कुठे ठेवू? घराची किल्ली काय दातात धरू?

हसताय ना? हसा. पण आज घरी गेलात की एक करा. अंगावर जे काही आहे ना, ते काढा आणि उलटं करून बघा, मग बोला माझ्याशी!

तुम्हाला सांगते, मी काही हौस म्हणून कपडे उलटे करत फिरत नाही. एकतीस वर्षं कोटांच्या कारखान्यात तपासणीला होते मी. तपासणी म्हणजे काय, तर लांबलचक टेबल, डोक्यावर दिवा आणि समोर कोटांचा ढीग. कोट घ्यायचा, सर्रकन उलटा करायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, इंचाला बारा टाके भरतात का बघायचं, बटण ओढायचं, अस्तर चाचपायचं, आणि चूक सापडली की निळ्या खडूने फुली! निकाल तीनच. पास, दुरुस्ती, नाहीतर बाद. 'चालतंय की, कोण बघतंय' असा निकाल आमच्या टेबलावर नव्हताच. आणि पास केलेल्या कोटाच्या आतल्या खिशात कापडाची एवढीशी पट्टी शिवायची, तिच्यावर तपासणाऱ्या बाईचा नंबर. म्हणजे उद्या तक्रार आली तर नंबर बघून थेट त्या बाईचा कान धरायचा! आता मला सांगा, आजकाल कुणाचा कान धरणार तुम्ही? कान सापडतो तरी का कुणाचा?

कारखाना बंद झाला, पण सुंभ जळला तरी पीळ जातो का? आमचे हे म्हणतात, "लग्नाआधी मलाही उलटा करून बघायचं होतंस." मी म्हटलं, "बघितलं असतं तर दुरुस्तीला पाठवलं असतं. आता राहू दे."

तर झालं काय... आम्ही टेबलावरच्या चौघीजणी अजून वर्षातून एकदा जेवायला भेटतो. एक आमची हेडबाई, वय एक्क्याऐंशी, नजर अजून सुईसारखी. दुसरी लंबू, ती दारातून वाकून आत येते. तिसरी चिमणी, आवाजाने चिमणी आणि अंगानेही चिमणी. आणि चौथी मी. आमचा एक रिवाज आहे. ज्या बाईने नवा कपडा घातला असेल तिने तो जेवणाआधी काढून टेबलावर ठेवायचा, बाकीच्या तिघी तो उलटा करून तपासणार, आणि चूक दिसली की फुली. त्या हॉटेलातला वेटर आता घाबरत नाही, पहिल्या वर्षी घाबरला होता.

खडू असतो माझ्याकडे. हेडबाईने निवृत्त होताना तो माझ्या हातात दिला होता. तुम्ही म्हणाल, खडूचं काय एवढं? अहो, एकतीस वर्षांत मला कुणी पुष्पगुच्छ दिला नाही की ढाल दिली नाही. खडू दिला. माझ्यासाठी तोच मान.

गेल्या वर्षी काय झालं, चिमणी नवाकोरा कोट घालून आली. लाल! इतकी खूश होती! आणि मी... माझी जीभ म्हणजे हाडाविनाची... पाच फुल्या मारल्या. एक कॉलरवर, दोन बगलेत, एक अस्तरावर, एक बटणाला. मारल्या त्या मारल्या, वर म्हणते कशी, "चिमणे, म्हातारी झालीस, तुला कपडा कळेनासा झाला." बिचारीने कोटाची घडी करून मांडीवर ठेवली. मग निघताना चिवचिवली, "तू आण ना नवा कोट! एक जरी फुली पडली ना, तर खडू माझा!" मी म्हटलं, "आणते! एकही फुली पडणार नाही!" घ्या! बोलून बसले! आपल्याच पायावर धोंडा, तोसुद्धा स्वतः उचलून आणलेला!

माझा जुना कोट तसा उत्तम आहे बरं का. बाटलीच्या रंगाचा, हिरवा, सव्वीस वर्षांचा, आपल्याच कारखान्याचा. दोन मुलांची शाळा, यांचं ऑपरेशन, नातीचं बारसं, सगळीकडे तोच. पण या थंडीत कोपर गेलं. मी रफू केलं, पण डोळे आता पूर्वीसारखे कुठे राहिलेत? सूनबाई म्हणाली, "आई, आता पुरे हो, फेका तो कोट. मी ऑनलाइन मागवते." मागवला. आला. फोटोत गुडघ्यापर्यंत होता, अंगात घातला तर बेंबीपर्यंत! आणि धुतला त्या दिवशी अख्ख्या बादलीला रंग आला, यांचे बनियन अजून गुलाबी आहेत. सूनबाई म्हणते, "दिसायला छान होता पण." दिसायला! दिसायला सगळेच छान असतात गं बाई, उलटं करून बघ, मग बोल माझ्याशी!

मग गेले स्वतःच. जेवण तीन दिवसांवर आलेलं. मोठ्या रस्त्यावरचं ते काचेचं दुकान, तीन मजली, संगीत असं की छातीत धडधडतं. दाराशी एक खुर्ची ठेवलेली असते नवऱ्यांसाठी, तिच्यावर यांना बसवलं आणि मी आत शिरले. तरुण मुलींचा माल दोन मजले. आमच्या वयाचा? कोपऱ्यात, जिन्याखाली, आणि सगळा राखाडी! राखाडी, करडा आणि धुरकट. का हो? साठी ओलांडली की बाईला रंग दिसायचे बंद होतात? आणि माप! खांद्याला बसतो तर पोटाला बसत नाही, पोटाला बसतो तर बाह्या जमिनीवर. हे कोट ज्या बाईच्या मापाने शिवलेत ना, ती बाई एकदा मला भेटायचीय. तिला आधी जेवायला घालीन.

बरं, अंगातला हिरवा कोट काढला, आरशाजवळच्या खुंटीला अडकवला आणि लागले कामाला. पहिला घेतला, सर्रकन उलटा. इंचाला सहा टाके! सहा! म्हणजे मी शिंकले तर पाठ उघडी! दुसरा घेतला, बटण नुसतं धाग्याला लोंबतंय. तिसऱ्याला अस्तर पाठीपुरतंच, बाह्यांना नाहीच, त्यांना थंडी वाजत नसावी. चौथ्याचं कापड इतकं पातळ की मी त्यातून समोरची पाटी वाचली, 'उत्तम दर्जा' असं लिहिलं होतं तिच्यावर! पाचवा... सहावा... आणि तुम्हाला सांगते, समोर कोटांची रांग, डोक्यावर दिवा... मला तंद्रीच लागली हो! अंगठा चालतोय, मान हलतेय, मनातल्या मनात 'दुरुस्ती, बाद, बाद, दुरुस्ती'... अख्खी रांग संपवली. वर खडू परत हिरव्या कोटाच्या खिशात ठेवला, सवयीने...

खडू?

अहो, मी फुल्या मारल्या होत्या! एकोणीस कोटांवर! दुकानातल्या! न विकलेल्या! निळ्या, ठसठशीत, आमच्या टेबलावर मारायचो तश्शा!

आता काय करावं? शहाण्या बाईने कोट उचलला असता आणि काढता पाय घेतला असता. मी काय केलं? हाताला लागला तो कोट घेऊन ट्रायल रूममध्ये लपले! आणि लपलेच आहे तर घालून तरी बघू म्हणून घातला, तर त्याची बाही आतून शिवलेली! हात निम्मा गेला आणि अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मी आत एका हाताने त्या बाहीशी झुंजतेय आणि बाहेर हा गलका!

कशीबशी सुटले, पडदा सरकवून बघते तर काय... बायकांची झुंबड! कुणीतरी म्हणालं होतं, "अहो, ज्याच्यावर निळी फुली आहे ना, तो अर्ध्या किमतीत!" झालं! बायका फुल्यांचे कोट ओढतायत. "मी आधी धरला!" "माझ्या कोटावर दोन फुल्या आहेत, अजून स्वस्त असेल!" मी ओरडणार होते, अहो बायांनो, ती सवलत नाही, ती बोंब आहे, उलटं करून बघा! पण कोण ऐकतंय? मॅनेजरीण धावत आली, कोवळी पोर, घामाघूम. "या खुणा कुणी केल्या? कुणाकडे खडू आहे? कॅमेऱ्यात बघते मी आता!"

आणि तेवढ्यात माझं लक्ष खुंटीकडे गेलं. कोट नाही!

तो कुठे होता माहितीये? लाल चष्म्याच्या एका बाईच्या अंगात! दुकानातल्या पोरीने आवराआवरीत तो रांगेत लावून टाकला होता. आणि ती बाई आरशासमोर गोल फिरत म्हणतेय, "याच्यावर फुली नाही म्हणजे हाच खरा चांगला माल! काय शिवण आहे! आणि खिसा, अगं, खरा खिसा आहे!" आली की नाही पंचाईत? कोट माझा, सिद्ध कसं करू? खिशात खडू आहे! खडू दाखवला की कोट मिळणार, आणि कोट मिळाला की मी सापडणार! मी यांच्याकडे बघितलं. हे खुर्चीतून सगळा तमाशा बघत होते. चाळीस वर्षांचा संसार, नजरेनेच म्हणाले, "मी तुम्हाला ओळखत नाही."

मग मी काय करावं? खोटं मला बोलता येत नाही, निदान कपड्याबद्दल नाही. मी पुढे झाले आणि म्हटलं, "बाई, कोट छान आहे, पण डावं कोपर बघा. रफू आहे. आणि रफू वाकडा आहे." तिने बघितलं. "शी! वापरलेला वाटतो!" टाकला काउंटरवर. काउंटरवरच्या मुलीने उलटापालटा केला. किमतीची चिठ्ठी नाही! "काकू, हा डॅमेज माल दिसतोय. तुम्हाला हवा असेल तर अर्ध्या किमतीत लावते." अर्ध्या! माझा कोट! मला! मागे मॅनेजरीण कॅमेऱ्याकडे निघालेली... मी निमूटपणे पैसे मोजले. वर ती विचारते, "पिशवी हवी का? वेगळे पैसे पडतील."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "घेतलास का नवा कोट?" मी म्हटलं, "घेतला. पावती आहे."

तर तीन दिवसांनी तोच कोट घालून मी जेवायला. करते काय? टेबलावर कोट ठेवला, शेजारी पावती ठेवली आणि सगळं खरं सांगून टाकलं. लंबू इतकी हसली की वेटर पाणी घेऊन धावत आला. हेडबाई मात्र हसली नाही. "पावती आहे ना? मग नवा. उलटा करा." रिवाज तो रिवाज! तिने अंगठा फिरवला, टाके मोजले, बटणं ओढली, सव्वीस वर्षांची बटणं, एक हललं नाही. म्हणाली, "बारा. पूर्ण बारा." तिचा अंगठा थोडा वेळ तिथेच राहिला.

मग चिमणीने आतल्या खिशात हात घातला आणि ती पट्टी बाहेर काढली. पुसट झालेली, पण वाचता येत होती. नऊ. नऊ नंबर कुणाचा, माहितीये? चिमणीचा! सव्वीस वर्षं मी तिच्या नंबराचा कोट अंगावर घेऊन फिरले आणि एकदाही पट्टी बघितली नव्हती! मी! जगाचे कपडे उलटे करणारी मी! चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा मी पास केलाय," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "हो गं बाई. आणि गेल्या वर्षी मी तुला म्हटलं, तुला कपडा कळत नाही. चुकलंच माझं." खरंच लाज वाटली हो मला. मनापासून वाटली.

तिने नाक पुसलं, माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता काही गोड बोलणार. तर म्हणते, "खडू दे."

दिला. आणि तिने डाव्या कोपरावर, त्या वाकड्या रफूवर, अशी काही फुली मारली ना... ठसठशीत! आमच्या टेबलावरची! मग पर्समधून सुई-दोरा काढला, माझा रफू उसवला आणि वेटरने जेवण आणेपर्यंत सरळ करूनही दिला. शोधूनही सापडत नाही आता, बघा, हे बघा, कुठाय?

खडू गेला माझा. गेला तर गेला, योग्य हातात गेला. मी आपलं हेडबाईला विचारलं, "मग निकाल काय लिहायचा?" तिने कोट माझ्या खांद्यावर चढवला, बटण लावलं, मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि म्हणाली,

"कोट पास. आतली बाई दुरुस्तीला."