माझंही सगळंच काढा

नाही, त्या बाजूला नका बसू, हाताला धक्का लागतो — हो, सुजलाय. आजचा नाही, वीस वर्षांचा आहे. पडले-बिडले नाही हो. स्तनाचा कॅन्सर झाला होता. गाठ एवढीशी, पण तेव्हा काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढून टाकायचे, तण उपटावं तशा. मग हातातलं पाणी उतरणार कुठून? साचतं. आणि नेमका उजवा. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, शिडीवर उभी राहून एका दमात अक्षर ओढायचे — आता स्वतःचे केसही डाव्या हाताने विंचरते. कधी कुरकुरले? नाही. सगळ्यांना हेच सांगत आले, हात गेला पण जीव वाचला.

आणि आता धाकटी. आत ऑपरेशन चाललंय ते माझ्या बहिणीचंच. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ लहान आहे, कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो त्या काखेतल्या पहिल्या दोन ग्रंथी काढून लगेच तपासू, स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. इतकं साधं! तर ही काय म्हणाली असेल? "ताईचं सगळं काढलं म्हणून ताई आज आहे. माझंही सगळंच काढा." त्या बिचाऱ्या समजावतायत, जास्त काढलं म्हणजे माणूस जास्त जगतो असं नसतं — ही ऐकेल तर शपथ. बघत कुणाकडे होती? माझ्याकडे. मी मान डोलवावी म्हणून.

डोकंच फिरलं माझं. बाही वर केली, सुजेवर बांधलेला घट्ट पट्टा सोडला आणि हात ठेवला त्यांच्या टेबलावर. म्हटलं, बघ नीट. थोडी सूज आहे, थोडी सूज आहे म्हणते ना मी? दोनदा तापाने फणफणून दवाखान्यात पडले होते या हातापायी, तुला सांगितलं गावाला गेले म्हणून. आणि माझ्या ग्रंथी तपासल्या तेव्हा काय निघालं होतं, आठवतं? काही नाही. एकीतही काही नव्हतं. आपण सगळे खूश झालो होतो त्या दिवशी.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, त्या काळी तेच योग्य समजत, यात कुणाची चूक नाही. तेच तर! कुणाची चूक असती तर जाऊन चार शब्द सुनावले असते. आता भांडू कुणाशी — भिंतीशी?

धाकटी रडली, पण तयार झाली. नंतर माझ्याशी बोलायचीच बंद. आज आत नेताना तेवढं म्हणाली, "ताई, मग तू एवढं सोसलंस कशासाठी गं?" तोंड दुसरीकडे फिरवलं मी.

थांबा, डॉक्टरीणबाई आल्या — काय? दोनच काढल्या? दोन्ही स्वच्छ? बरं... बरं झालं. हो, हो, कळलं.

बरंच झालं की. माझीच बहीण आहे, मला आनंदच — नको, पाणी नको मला. दोन्ही स्वच्छ. माझ्याही स्वच्छच होत्या हो, सगळ्याच्या सगळ्या...

असं काय बघताय? जा, तुमच्या माणसाजवळ जाऊन बसा. जा म्हणते ना.