गाडी मागं घ्या, काका!

सावनेरहून नागपूरला निघालेल्या बसमध्ये मधुकररावांच्या मागच्या सीटवर दोन पोरी खिदळत होत्या. एकीच्या अंगात हायवेच्या डागडुजीवाल्या गँगचं चमकणारं जाकीट होतं.

"मुकादम झाल्यापासून लय दादागिरी करून राहिली तू, भावना!"

"मंग काय करू वं मिनल? डांबर गरम, रोलर चालू, अन् हे काका कार घुसवून राहिले. म्हटलं, गाडी मागं घ्या, काका!"

"घेतली?"

"म्हणे, पोरगी पाहाले जाऊन राहिलो, उशीर होते. म्हटलं, पोरगी कुठं पळून नाही चालली, थांबते! अन् लाल झेंडी बोनटवर आपटली. मंग घेतली चुपचाप."

"मंग?"

"काम आटोपून धावत घरी गेली, पोह्यांचा ट्रे उचलला, त सोफ्यावर तेच काका!"

"अवं माय! काय बोलले?"

"काय बोलतीन? मले पाहून सोफ्यासकट मागं सरकले!"

"अन् पोरगा?"

"हसून हसून बेजार."

सदरचा स्टॉप आला. मधुकररावांना तिथंच उतरायचं होतं, पण ते उठले नाहीत.

"अवं, पण म्हणाला काय?"

"म्हणे, आमच्या घरात बाबांनी आजवर कोणाचंच ऐकलं नाही. आजच तारीख काढा!"