पुष्पाचं गाणं मी बंद केलं नाही

पुरवणी जबाब

मी, जमीर मोहिउद्दीन शेख, वय ४१ वर्षे, धंदा मोबाइल दुरुस्ती व ऑटोवरून भोंग्याची जाहिरात, रा. घाटंजी, जि. यवतमाळ. पोलीस स्टेशनला स्वतःहून हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की, माझा पहिला जबाब परवा झाला आहे. त्यात एक गोष्ट खोटी आहे. ती दुरुस्त करायला आलो. लिहून घेणाऱ्या राखी मॅडमनी, "जसं बोलशील तसंच लिहीन, मंग रडू नको," असे सांगितले आहे.

आमच्या दहावी ब च्या अकरा जणांचा मोबाइलवर ग्रुप आहे. दर रविवारी एकाची पाळी असते. त्याने आपल्या आवडीचे एक गाणे टाकायचे आणि त्यामागची आठवण स्वतःच्या आवाजात सांगायची. ग्रुपमधलं ग्रुपमध्येच राहील, हा नियम मीच केला होता. देवरावने नापास झाल्यावर बाप सापडू नये म्हणून गाणे म्हणत सायकलने राजूरपर्यंत गेल्याचे सांगितले. अतियाने बहिणीच्या बिदाईचे सांगितले आणि सांगता सांगता रडली. कोणी बाहेर बोललं नाही.

सन २००४ च्या सुमारास मी कॅसेटमध्ये गाणे भरून देत असे. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला माझ्या आवाजात "जमीर म्युझिक, घाटंजी" असे भरत असे. मुकुटबन, पांढरकवड्याच्या जीपमध्ये माझ्याच कॅसेट वाजत. आता मले कोणी ओळखत नाही. कव्हर बदलायला येतात आन् "ओ मोबाइलवाले" म्हणतात. हे सांगायचं कारण पुढं येईल.

बाजाराच्या दिवशी सकाळी ११ च्या सुमारास माझा ऑटो बाजारात कांदेवाल्यांच्या रांगेजवळ उभा होता. रेशन कार्डाच्या शिबिराची जाहिरात चालू होती. मोबाइल भोंग्याच्या मशीनला जोडलेला होता. जाहिरात संपली आणि ग्रुपवर पुष्पा सुनील राठोड हिचा तिच्या आवाजातला निरोप आला. तिची पाळी रविवारी होऊन गेली होती, तिने उशिरा पाठवला. वायर काढायची विसरून मी तो लावला. तो दोन्ही भोंग्यांवर वाजला. इथपर्यंत माझी खरंच चूक झाली.

पहिल्या जबाबात मी सांगितले की गर्दीत मला बटन सापडले नाही. ते खोटे आहे. बटन माझ्या अंगठ्याखाली होते.

पुष्पा म्हणत होती, "गायता गायता जे बाई मधातच हासते ना, ते गाणं. मी ते जीपमध्ये ऐकलं. कॅसेट आपल्या जमीरची होती." माझं नाव भोंग्यावर आलं. साऱ्या बाजारात गेलं. मी कांदेवालीकडे पाहिलं. ती म्हणाली, "तूच काय रे तो जमीर?" मले लय बरं वाटलं. म्हटलं, पाहू अजून काय म्हणते. म्हणून मी बंद केलं नाही. तेवढ्यात पुष्पा म्हणाली, "त्या दिवशी मी सुनीलचं घर सोडून चालली होती. हे आजलोक कोणालेच माईत नाही."

मॅडमनी विचारले की तेव्हा तरी काहून बंद केलं नाही. ऐकत होतो, एवढंच.

तिचा नवरा सुनील समोर चहाच्या टपरीवर तांड्यातल्या लोकांसोबत उभा होता. त्याच्या हातात गिलास होता. तो त्याने नीट खाली ठेवला. मग येऊन वायर ओढली, त्यात एक भोंगा खाली पडून चेपला. त्याने मला हात लावला नाही, शिवी दिली नाही. मागून कोणीतरी, "पुढचं तं लाव बे," म्हणून हसलं. सुनील मान खाली घालून निघून गेला.

भोंग्याची तक्रार माझा भाऊ अय्याज याने दिली. ती मला चालवायची नाही. भोंगा सुनीलने नाही फोडला, मी फोडला असं धरा.

दुसऱ्या दिवशी पुष्पा दुकानात आली. सुनील तिच्याशी बोलत नाही, म्हणून ती मुकुटबनला माहेरी चालली होती. हातात पिशवी होती. ती म्हणाली, "जमीर, खरं सांग, तुले बटन नाही सापडलं ना?" मी म्हटलं, "नाही सापडलं व पुष्पा." ती म्हणाली, "होते गर्दीत असं. तू नको जीवाले लावून घेऊ." मलाच समजावून ती जीपमध्ये बसली. तेव्हापासून मला जेवण जात नाही. लाज वाटते, मॅडम. घरात कोणी नाव घेऊन हाक मारली तरी वाटते.

तिचा निरोप वायर निघाली तिथं संपत नाही. पुढं बावीस सेकंद आहेत. ती त्या दिवशी अर्ध्या रस्त्यातून काहून उतरली आणि सुनीलकडे काहून परत आली, ते त्यात आहे. ते मी दुकानाचे शटर ओढून ऐकले. बाजाराने आणि सुनीलने ऐकले नाही. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. सुनीलले सांगायचं का नाही, ते पुष्पा पाहीन. मोबाइल जमा करत आहे. तो निरोप तिच्याशिवाय कोणी लावू नये, एवढं लिहून घ्या. मी खोटं बोललो हे तिले मी सोता मुकुटबनला जाऊन सांगतो.

जबाब वाचून दाखवायला मॅडम उठल्या. भोंग्याच्या तक्रारीवरून बोलावलेला सुनील बाहेर बाकावर बसलेला आहे आणि खोलीचे दार लागत नाही. म्हणून मोठ्याने वाचू नये अशी मी विनंती केली. कागद हातात घेऊन मी मनात वाचला. मॅडमनी "बंद केलं नाही" याच्या आधी सवयीने "चुकून" लिहिले होते. तो शब्द मी खोडायला लावला आणि खोडल्या जागी अंगठा लावून सही केली. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.