वाडगा परत करायचाय

व्हिएतनामला पाच दिवस आमी जेवणावर जवळपास खर्चच केला नाही, खोटं वाटेल तुला! बजेट टाइट, म्हणून सगळ्यात स्वस्त खोली घेतलेली आणि खांदेश्वरहून चिवडा-लाडू नेलेले. पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी वाडगाभर सूप दिलं. वाडगा धुवून द्यायला निघालो, तर बायको ओरडली, "रिकामा देतात का कुणी?" तिने त्यात चिवडा भरला. संध्याकाळी वाडग्यातून भात आला. मग आमचे लाडू गेले, त्यांच्या नूडल्स आल्या. रोज हेच! शेवटी टॅक्सीत बसताना बाईंनी फळांनी भरलेला वाडगाच हातात दिला.

आता तो आमच्या ओट्यावर आहे. बायको रोज विचारते, "तिकिटं स्वस्त झाली का? शंकरपाळे करायला घेते."