अक्षर लागत न्हाय

आमी मूळचे ईटचे. भूम तालुक्यातलं ईट, लई मोठं गाव. बाप शेतकरी, आजा शेतकरी, मलाच तेवढं अक्षर चिकटलं. तवा निजामाचं राज्य, शाळा उर्दूत. मास्तरांनी बापाला बोलावून सांगितलं की ह्याचा हात चांगलाय, ह्याला नांगरामागं लावू नका, म्हणून बापानं मला धाराशिवला आत्याकडं ठेवलं आणि म्या उर्दू शिकलो, नुसती पुस्तकातली न्हाय, कचेरीतली, घसटती, जी मुन्शी लोक झरझर लिहायचे, नुक्ते म्हंजी अक्षरांचे ठिपके सोडून द्यायचे, दोन शब्द एकात गुंतवायचे. ती वाचायची म्हंजी अक्षर बघायचं न्हाय, लिहिणाऱ्याचा हात कसा फिरला असंल ते बघायचं. पुढं तहसील कचेरीच्या भिंतीला चटई टाकून बसायला लागलो. अर्जनवीस. लोक सांगायचे आणि म्या लिहायचो, दरख्वास्त म्हणा, जवाब म्हणा, नकलेचा अर्ज म्हणा. नाव माझं नागनाथ, गावाकडं नागू, पण धाराशिवात सगळे मुन्शीच म्हणायचे.

आता तुमी एवढ्या लांबून वही घेऊन आलात माझं ऐकायला. म्या आल्याआल्या विचारलं तुमाला, ह्यात तुमचं काय, आणि तुमी म्हणालात काय न्हाय. काय न्हाय म्हणणाऱ्याची मला धास्ती वाटते. राग मानू नका. चटईवर बसून म्या लई बघितलंय. मदत करतो म्हणून येणारा माणूस, म्हातारीचा हात धरून आणायचा, मावशी म्हणायचा, सावलीत बसवायचा, आणि कागदावर लिहायला सांगायचा ते वेगळंच. म्हातारी अंगठा उठवून त्यालाच दुवा देत जायची. तसले कागद म्या लिहिलेत. आता खोटं कशाला बोलू. लिहिलेत.

मंग रझाकार गेले, संस्थान विलीन झालं, आणि कचेरीत हळूहळू मराठी आली. मराठी बोलायला येत होती, न्हाय असं न्हाय, पण कचेरीची मराठी म्हंजी वेगळीच, मला ती परकी वाटायची. दरख्वास्तीचा अर्ज झाला, विरासतीचा वारसा झाला. बायको शेजारच्या मास्तरणीकडनं शब्द विचारून यायची आणि मला चुलीपाशी सांगायची. नवी पोरं आली, टाईप करायला लागली, माझ्या चटईवरची माणसं कमी कमी होत गेली. तरी जुनं गिऱ्हाईक होतं, खेड्यातली माणसं, ज्यांना नव्या पोरांसमोर बोलायची लाज वाटायची.

आणि तशातच ते मंडळ निघालं. नाव त्याचं मोठं होतं, सेवा का काय, आमी आपलं फुकट मंडळ म्हणायचो. त्यात कोण, तर एक डॉक्टर, दोन वकील, हायस्कूलचे हेडमास्तर, बांधकामाचे ओव्हरसियर, जिनिंगचे मालक. सोलापूरकडं असं काही चालू होतं म्हणे, तिकडनं डॉक्टरांनी कल्पना आणली. ज्याचा जो धंदा, त्यानं आठवड्यातला एक दिवस त्या धंद्यानं गावाला द्यायचा. डॉक्टरांनी फुकट तपासायचं, हेडमास्तरांनी मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायची, ओव्हरसियरनं खेड्यात जाऊन आड बघायचा. आणि वकिलांनी? वकिलांनी बाजाराच्या दिवशी कचेरीसमोर टेबल टाकून गोरगरिबांचे अर्ज फुकट लिहून द्यायचे. माझ्या चटईपासून वीस पावलांवर.

तुमीच सांगा, काय वाटंल माणसाला. त्यांना तो एक दिवस धरम, माझी ती सबंध आठवड्याची चूल. मला कुणी विचारलं न्हाय. त्यांच्या बैठकीला शहरातला प्रत्येक धंद्याचा माणूस होता म्हणतात, पण अर्ज लिहिणं हा ज्याचा धंदा, तो भिंतीलाच. म्या घरी बायकोला म्हणालो, हे फुकट न्हाय, हे जाळं हाय. आज अर्ज फुकट, उद्या दावा लावायला ह्याच वकिलाच्या दारात. ती म्हणाली, असंल, पण लोकांचं काम होतंय ना. म्या म्हणालो, तुला कळत न्हाय.

मंग म्या पाळत ठेवली. खरंच ठेवली. कोण टेबलावर आलं, कुठल्या गावचं, तिथनं उठून कुठं गेलं. एका म्हाताऱ्याच्या मागं तर म्या पार मोटारस्टँडपर्यंत गेलो, वाटलं हा आता वकिलाच्या घराकडं वळंल. त्यानं फुटाणे घेतले आणि मोटारीत बसला. तरी माझा संशय गेला न्हाय. म्या म्हणालो, पहिल्यांदा असंच सोडत असतील.

टेबलावर जे वकील बसायचे ते वसंतराव. तरणा माणूस, पुण्याला शिकलेला, उर्दूचा ओ का ठो ठाऊक न्हाय. एका बाजाराला ते स्वतः उठून माझ्या चटईपाशी आले, वाकले, आणि म्हणाले, मुन्शीजी, एवढा कागद बघता का, आम्हाला कुणालाच लागत नाही, आणि परवा सुनावणी आहे. जुना कागद, घड्यांवर फाटलेला, घसटती. म्या हातात घेतला. पहिली ओळ लागली. दुसऱ्या ओळीत गावाचं नाव लागलं, ईट.

काय सांगू तुमाला, गावाचं नाव वाचलं आणि माझं मन मऊ व्हायच्या जागी आणखी आवळलं. म्या म्हणालो मनात, बघ, मुद्दाम माझ्या गावचा कागद आणलाय, मला गळाला लावायला. आज हा वाचला की उद्या सगळे उर्दू कागद ह्यांच्या टेबलावर, आणि मुन्शी फुकटचा हमाल. सगळं शिकून घेतलं की मला भिंतीपासून उठवतील. आणखी एक आलं मनात, हा कागद ह्यांच्या हातात कसा, कुणाचा काढून घेतलाय, वाचून ह्यांना कुणाचं बुडवायचंय. पुढच्या ओळी म्या वाचल्याच न्हाईत. घडी घातली आणि परत दिला.

म्हणालो, अक्षर लागत न्हाय.

त्यांनी कागद घेतला. माझ्या तोंडाकडं बघितलं. मंग बरं म्हणाले आणि गेले.

तो कागद सोनाकाकीचा होता. आमच्या ईटची, आमच्या घरापासून चार घरं सोडून. नवरा तिचा दुसऱ्याची जमीन कसायचा, कूळ होता, म्या लहानपणी त्यांच्या औतावर बसलेला. तो वारला तसं मालकाच्या लोकांनी म्हणायला सुरुवात केली की हा कूळ न्हवताच, सालगडी होता, जमीन सोडा. भूमला निकाल तिच्या विरुद्ध गेला, म्हणून ती अपिलाला धाराशिवला आली होती, आणि कुणीतरी तिला फुकट मंडळाचं टेबल दाखवलं होतं. हे सगळं मला मागनं कळलं. सुनावणीला कागद होता पण वाचणारा न्हवता. वकिलांनी मुदत मागितली, मिळाली न्हाय. समोरच्यांनी तडजोडीचं बोलणं काढलं, वरचा तुकडा आमाला, खालचा तुला. वकील म्हणत होते थांबा, घाई करू नका, पण बाई एकटी, ती घाबरली, की सगळंच जाईल. तिनं अंगठा दिला. वरच्या तुकड्यात विहीर होती. तिच्या वाट्याला आली खालची मुरमाड बरड.

पुढं दोन-तीन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी म्या चटईवर बसलेलो, तर समोर येऊन बाईमाणूस बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाली, नागू, वळखलं का. म्या म्हणालो, काकी, तुमी इकडं कुठं. तर म्हणाली, त्या वकिलाच्या टेबलाला आले होते. मालकाच्या माणसांनी खालच्या तुकड्यातबी औत घातलंय. वकील म्हणतोय कागद हैदराबादला धाडून वाचून आणू, म्हंजी महिना जाणार. मंग मला ध्यानात आलं की आपला नागू इथंच असतोय. आणि तिनं कनवटीचं फडकं सोडलं आणि तोच कागद माझ्यासमोर धरला. घडी म्या घातलेलीच होती.

वाच, म्हणाली.

म्या वाचला. तो कौलनामा होता, मालकानं जमीन कसायला दिल्याचा कागद. तिच्या नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, दोन्ही तुकडे, वरचा आणि खालचा, चतुःसीमा, आणि विहीर, नावानिशी विहीर. सालगडी न्हाय, कूळ. असं सरळ लिहिलेलं, आणि अक्षर तर इतकं साधं, की घसटती शिकलेल्या कुठल्याबी पोरानं वाचलं असतं. म्या मोठ्यानं वाचत होतो आणि ती मान हलवत होती. विहिरीपाशी आलो तसं माझं वाचणं अडलं. तिला वाटलं तहान लागली असंल. कुठनं तरी तांब्या मागून आणला तिनं माझ्यासाठी.

तिनं विचारलं, मंग वरचा तुकडाबी आपलाच होता व्हय. म्या म्हणालो, व्हय काकी. ती म्हणाली, आमचं नशीब, तवा वाचणारा कुणी भेटला न्हाय.

म्या उठलो. ती वीस पावलं मला लई लांब वाटली. वसंतराव वकील टेबलाला बसले होते, समोर माणसं होती. म्या कागद त्यांच्यापुढं ठेवला, ते कागदाकडं बघत राहिले, मंग माझ्याकडं. म्हणाले, आता लागलं का अक्षर? म्या म्हणालो, लागलं. त्यांना सगळं कळलं होतं, त्या पहिल्या दिवशीच कळलं होतं, आज म्या सांगतो तुमाला. मला दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. ते बाकावर सरकले आणि म्हणाले, बसा, मराठीत उतरवून घेऊ.

तडजोडीवर अंगठा होता, त्यामुळं वरचा तुकडा आणि विहीर गेली ती गेलीच. पण खालच्याचं काम उभं राहिलं. साहेबांसमोर म्या उभा राहून कागद वाचला, समोरच्या वकिलानं दोनदा अडवलं, साहेबांनी बाहेरनं दुसरा उर्दू जाणणारा बोलावून तपासून घेतलं, आणि माझा शब्द न शब्द बरोबर निघाला. बरड तिच्या नावावर राहिली.

तवापासनं दर बाजाराला म्या त्या टेबलावर बसतो. फुकट. जुने कागद वाचायचे, मराठीत उतरवायचे. मंडळाच्या वहीत माझंबी नाव घातलं त्यांनी, अर्जनवीस म्हणून, डॉक्टरांच्या खाली. पण तुमी असं लिहू नका की मुन्शीचा संशय फिटला. फिटला न्हाय. वसंतराव पुढं नगरपालिकेला उभे राहिले आणि टेबलावर आलेल्या शहरातल्या किती माणसांनी त्यांना मत दिलं हे काय मला दिसलं न्हाय व्हय? जिनिंगवाल्यांनी पाण्याची टाकी दिली तर टाकीवर त्यांचं नाव एवढं मोठं की पोरं त्यावर बाराखडी शिकली. म्या हे तोंडावर बोललो बैठकीत. वसंतराव हसले, म्हणाले, मुन्शीजी, तुम्ही असेच बसा आमच्यात. डॉक्टरांचं मात्र आजपर्यंत मला काही सापडलं न्हाय. बघतोय अजून.

आता डोळे कमी झालेत. उर्दूचा कागद महिन्यातनं एखादा येतो. पोरगा शिक्षक झाला, सून चांगली हाय, कशाची तक्रार न्हाय. सोनाकाकी अजून हायत. त्या बरडीत ज्वारी होते थोडी, तूर होते. दरसाल सुगी झाली की मोटारीनं पायली-दोन पायली तूर धाडतात आणि निरोप असतो, नागूला म्हणावं तुज्यामुळं राहिली जमीन. बायको वरण करते. म्या खातो. पहिल्या वर्षी घास उतरला न्हाय, आता उतरतो, माणूस सवयीचा हाय.

किती वेळा ठरवलं, ईटला जायचं आणि सांगायचं, काकी, वाचणारा तवाबी होता. मोटारीत बसलोबी एकदा. त्यांनी दारातनंच बघितलं, नागू आला म्हणून सुनेला चहा टाकायला लावला, माझ्या नातवंडांची नावं विचारली. चहा पिलो आणि आलो.

तुमी हे छापणार म्हणता. काकींना वाचता येत न्हाय, पण त्यांचा नातू भूमला शाळेत जातोय, तो वाचून दाखवील. दाखवू द्या. म्हणून तर तुमाला एवढं सांगितलं, न्हायतर तुमचं ह्यात काय हे मला अजून कळलेलं न्हाय. देव तुमचं भलं करो. माझं काही गाळू नका, आणि तिच्या विहिरीचं नीट लिहा.