दोन गोळ्या आणि बाबांचा हात

मुलगी: बाबा, सलाईनचा हात हलवू नका. ताप आत्ता कुठे उतरलाय.

बाबा: उतरणारच! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? “मुलीने दोन्ही गोळ्यांची पाकिटं पुढ्यात ठेवली, म्हणून निदान लवकर झालं.” शेजारच्या खाटेवरच्या काकांना तीनदा सांगून झालं माझं.

मुलगी: म्हणूनच त्यांनी तोंडावर पांघरूण घेतलंय.

बाबा: घेऊ दे. आता मला नीट सांग, ह्या दोन गोळ्यांचं वाजलं कशावरून?

मुलगी: मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं असतात. त्यातलं डोपामिन कमी पडलं, म्हणून तुमचा हात थरथरतो. पहिली गोळी ते टिकवून धरते.

बाबा: आणि दुसरी?

मुलगी: ती सेरोटोनिन वाढवते. मन, झोप, भूक, सगळ्यांत त्याचा हात असतो. आई गेल्यावर तुम्ही जेवत नव्हतात ना, म्हणून दिलेली.

बाबा: ह्या दोन रसायनांत निर्धोक कुठलं?

मुलगी: एकही नाही. डोपामिन फार वाढलं तर नसलेली माणसं दिसतात. सेरोटोनिन वाढलं तर काल तुमचं झालं तसं, ताप, घाम, पाय झटकणं. पहिली गोळी सेरोटोनिनचाही निचरा थोडा अडवू शकते. त्यात दुसरीने भर घातली.

बाबा: म्हणजे दुसरी गोळी देणाऱ्या डॉक्टरांचं चुकलं.

मुलगी: त्यांनी विचारलं होतं, आणखी काही औषध चालू आहे का? तुम्ही चक्क “नाही” म्हणालात. का?

बाबा: ...शिंप्याचा हात थरथरतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यांचा कोट माझ्याकडेच शिवायला टाकलेला.

मुलगी: बाबा, जीव गेला असता.

बाबा: कळलं गं. ह्याच हातांनी कपडे शिवून तुला औषधांचं शिक्षण दिलं. मिरवायचं सोडून तेच हात लपवत बसलो.

मुलगी: पुसा डोळे. डॉक्टरीणबाई आल्या.

डॉक्टरीणबाई: काय काका, आज छान दिसताय. गोळ्या पाहिल्या मी, पण आधीचा आजार तुमच्याकडूनच लिहून घ्यायचाय. कागदावर ही जागा रिकामीच आहे.

मुलगी: मी सांगते, त्यांना...

बाबा: थांब, मी सांगतो. लिहा बाई, चार वर्षं झाली, उजवा हात थरथरतो. धंदा शिंप्याचा. आणि जरा मोठ्याने वाचून दाखवा, शेजारच्या काकांनाही ऐकू जाऊ दे.