आधी ताईचं रान

माती तपासणीच्या कार्यालयात मी नंबराची वाट पाहत होतो. पुढच्या बाकावर एक बाई मातीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी तिचा ट्रॅक्टरवाला भाऊ.

"रानात सळई किती खाली गेली म्हणालीस?"

"वीतभर. मग अडली. इथल्या साहेबांनी सगळा भार टाकला तरी हलेना."

"खाली खडक असेल, ताई."

"खडक नाही, माती दबलीय. ओल्या रानात जड ट्रॅक्टर सारखा फिरला की असं होतं म्हणाले. मुळं खाली जात नाहीत, पाणी वरच साचतं."

"ओल्या रानात."

"हो."

"पाऊस उघडला की मी पहिला तुझ्याकडेच यायचो. दाजी गेल्यापासून एक वर्ष चुकलो नाही."

"ठाऊक आहे रे."

"लोक कटकट करायचे, आमचा नंबर कधी. मी म्हणायचो, आधी ताईचं रान. वर दोन फेऱ्या जास्तच मारायचो, एक ढेकूळ राहायला नको म्हणून."

"आणि मी चहा घेऊन बांधावर उभी. मला तरी कुठं कळत होतं?"

"तुझ्या शेजारच्या मास्तरांना मी मुद्दाम शेवटी ठेवायचो. तोवर त्यांचं रान पार वाळलेलं असायचं. तिथं एकच फेरी, उरकून टाकायची म्हणून."

"त्यांच्याकडेही साहेब गेले होते."

"मग?"

"सळई मुठीपर्यंत आत गेली."



"यंदा काय तोंड घेऊन येऊ गं तुझ्याकडे?"

"जेवायला ये. चालत ये."